बाप्तिस्म्याच्या पाकिटात किती?

वसईत आमच्या भाचीचा बाप्तिस्मा ठरला, तेव्हा मंडप, केटरर, केक आणि बँड यांचे आकडे एका संध्याकाळी ठरले. आदल्या रात्री बहिणीने एक पांढरं पाकीट पुढ्यात ठेवून विचारलं, "दादा, चर्चला किती द्यायचे रे?" शेजारणीने पाचशे एक दिले होते, जावेने पाच हजार. बहिणीला किती द्यावेत, ते या दोन्ही आकड्यांवरून कळेना. त्या रात्री तिला जे सांगितलं, तेच जरा सविस्तर मांडतो.

आधी कॅथलिक चर्चचा कायदा पाहू. १९८३ च्या कॅनन लॉमधलं ८४८ वं कलम सांगतं की, संस्कार देणाऱ्याने अधिकृतपणे ठरवून दिलेल्या देणगीपलीकडे काही मागू नये आणि गरिबीमुळे कुणी संस्काराला मुकणार नाही याची काळजी घ्यावी. ही देणगी कुणी ठरवायची, तेही १२६४ व्या कलमात आहे: एका प्रांतातल्या बिशपांच्या बैठकीने. मुंबई, पुणे, नाशिक आणि वसई हे धर्मप्रांत एकाच प्रांतात येतात. म्हणून पहिलं काम सोपं आहे. बाप्तिस्म्याचा फॉर्म आणायला धर्मग्रामाच्या ऑफिसात जाल, तेव्हाच विचारा, "काही ठरलेली देणगी आहे का?" यात लाजण्यासारखं काही नाही. आकडा सांगितला, तर ती मागण्याची मर्यादा समजा. तुम्ही त्याहून जास्त द्यायला मोकळे आहात आणि ऐपत नसेल तर कमी द्यायलाही.

संस्काराला किंमत लावू नये हा आग्रह फार जुना आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात शिमोन नावाचा जादूगार पवित्र आत्म्याचं दान पैशाने विकत घेऊ पाहतो आणि पेत्र त्याला खडसावतो. त्याच्याच नावावरून संस्कारांच्या खरेदी-विक्रीला 'सायमनी' म्हणतात. २०१४ च्या नोव्हेंबरात पोप फ्रान्सिस यांनी एका प्रवचनात चर्चमध्ये लावलेल्या बाप्तिस्मा-मिस्सांच्या दरपत्रकांवर कडक शब्दांत बोट ठेवलं होतं.

मग पाकीट कशासाठी? धर्मग्राम चालवायला पैसा लागतो म्हणून, आणि तो भार उचलणं हे आपलंच काम आहे म्हणून. बाप्तिस्म्याची नोंदवही कधी जवळून पाहिली आहे का? एका ओळीत बाळाचं नाव, जन्माची तारीख व ठिकाण, आईवडील, गॉडफादर-गॉडमदर, बाप्तिस्म्याची तारीख आणि धर्मगुरूंचं नाव. शेजारी कोरा समास. पुढे दृढीकरण झालं, लग्न झालं की त्याची नोंद त्याच समासात येते, मग लग्न दुबईत का झालेलं असेना; तिथून इथे कळवलं जातं. लग्नाच्या वेळी दाखला मागायला आपण याच वहीकडे परत येतो. ती वर्षानुवर्षं वाळवीपासून जपणं, कपाट, ऑफिस, क्लार्कचा पगार, वीजबिल हे सगळं धर्मग्रामाच्या खात्यातून होतं.

आणि तुमचं पाकीटही त्याच खात्यात जातं. ५३१ वं कलम स्पष्ट आहे: अशा प्रसंगी फादरांच्या हातात दिलेले पैसेसुद्धा धर्मग्रामाचेच, देणाऱ्याचा वेगळा हेतू उघड असेल तरच अपवाद. पुष्कळांना हे माहीत नसतं. फादरांना स्वतःसाठी काही द्यायचं असेल, तर वेगळं पाकीट करा आणि त्यावर तसं लिहा. धर्मग्रामाची देणगी ऑफिसात भरा आणि पावती घ्या. समारंभानंतर फोटोंच्या गर्दीत फादरांच्या खिशात पाकीट कोंबणं टाळा. त्यात त्यांचीही अडचण होते.

आता आकडा. माझ्या मते घराच्या एका दिवसाच्या कमाईपासून सुरुवात करावी. महिन्याला तीस हजार येत असतील तर एक हजार, साठ हजार असतील तर दोन. हा नियम चर्चचा नाही, माझा आहे. पण त्यात शेजारणीशी तुलना उरत नाही. मग तो आकडा मेजवानीच्या हिशेबाशेजारी मांडून पाहा. केकला चार हजार आणि चर्चला दोनशे असं दिसलं, तर पुन्हा विचार करा. बहिणीने तसंच केलं. कागदावर दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले, बँडमधला एक तास कमी केला आणि ते पैसे पाकिटात घातले.

आभाराची स्वतंत्र मिस्सा सांगणार असाल, तर तिचं मानधन वेगळं. त्याची रक्कमही बिशपच ठरवतात. वेदी सजवणारा सेवक आणि गायनवृंद यांना विसरू नका. आपल्याकडच्या प्रोटेस्टंट मंडळ्यांत अशा वेळी आभारदान देतात, तिथेही एका दिवसाच्या कमाईचं माप चालेल.

हातात काहीच नसेल तर फादरांना सरळ सांगा. ८४८ वं कलम तुमच्यासाठीच लिहिलं आहे. ८६७ वं कलम म्हणतं की बाळाचा बाप्तिस्मा जन्मानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत व्हावा. आपल्याकडे मात्र हॉल मिळेपर्यंत, पैसे जमेपर्यंत तो महिनोन् महिने लांबतो. तसं करू नका. पाकीट रिकामं असलं तरी चालेल. या रविवारी मिस्सानंतर ऑफिसात जा आणि तारीख घेऊन या.