वनातील पोषकद्रव्यांचे चक्रीकरण आणि मृदेतील संधिपाद प्राणी

प्रस्तावना :
वनातील वृक्षांना कोणी खत देत नाही. तरीही वने शतकानुशतके टिकून राहतात. गळलेल्या पानांतील नत्र, स्फुरद, कॅल्शियम इत्यादी पोषकद्रव्ये पुन्हा मुळांपर्यंत पोहोचतात, हे त्यामागील एक प्रमुख कारण होय. अंतिम विघटन जिवाणू व बुरशी करतात. परंतु त्याची गती बऱ्याच अंशी मृदेतील संधिपाद प्राण्यांवर अवलंबून असते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जागतिक अंदाजानुसार या प्राण्यांपैकी सुमारे ९५ टक्के माइट्स व स्प्रिंगटेल या दोन गटांतील आहेत.

कार्यपद्धती :
१) विखंडन : पैसा किंवा वाणी या नावाने परिचित असलेले सहस्रपाद पालापाचोळा कुरतडतात. त्यामुळे पानांचे पृष्ठफळ वाढते आणि सूक्ष्मजीवांना प्रवेश सुलभ होतो.
२) बुरशीचे भक्षण : स्प्रिंगटेल व अनेक माइट्स बुरशी खातात. बुरशीत अडकलेल्या नत्राचा गरजेपेक्षा अधिक असलेला भाग त्यांच्या उत्सर्गातून मातीत येतो व मुळांना उपलब्ध होतो.
३) मृदेची घडण : वाळवी आतड्यातील सूक्ष्मजीवांच्या साहाय्याने लाकूड पचविते. तिच्या बोगद्यांमुळे मातीत हवा खेळते व पाणी मुरते.

प्रायोगिक पुरावा :
एडवर्ड्स व हीथ यांनी १९६३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात पानांचे तुकडे वेगवेगळ्या छिद्रांच्या नायलॉन पिशव्यांत भरून मातीत पुरले होते. केवळ सूक्ष्मजीवच शिरू शकतील अशा पिशव्यांतील पाने नऊ महिन्यांनंतरही जवळजवळ अखंड राहिली. मोठ्या छिद्रांच्या पिशव्यांत गांडुळांचाही वाटा होता. मात्र गांडुळे शिरू न शकणाऱ्या मध्यम छिद्रांच्या पिशव्यांतही पाने झिजली. बोर्निओतील मलियाऊ बेसिन येथील २०१५-१६ च्या अवर्षणकाळातील अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. वाळवी कमी केलेल्या क्षेत्रांच्या तुलनेत वाळवी असलेल्या क्षेत्रांत विघटन, मातीतील ओलावा व रोपांचे जगण्याचे प्रमाण अधिक आढळले.

सह्याद्रीचा संदर्भ :
सह्याद्रीच्या पानझडी वनांत उन्हाळ्यापर्यंत पालापाचोळ्याचा थर साचतो व पावसाच्या ओलीने विघटनास वेग येतो. वणव्यात हा थर जळाल्यास नत्राचा मोठा भाग वायुरूपाने नष्ट होतो, उतारावरील राख पहिल्या पावसात वाहून जाते आणि संधिपादांचा निवाराही नाहीसा होतो. राबासाठी पालापाचोळा वनाबाहेर नेल्यास त्यातील पोषकद्रव्ये शेताला मिळतात, वनाला नाही.

निष्कर्ष :
पालापाचोळा हा केरकचरा नसून वनाचे खाते आहे. वनसंवर्धनाचे मूल्यमापन केवळ लावलेल्या रोपांच्या संख्येवरून न करता मृदेतील प्राणिजीवनावरूनही व्हावयास हवे. बर्लीस नरसाळ्यासारख्या अल्पखर्चिक साधनाने महाविद्यालयीन प्रयोगशाळांतही अशा नोंदी ठेवता येतील.