खारे पाणी तेच, क्षार मात्र वेगळे. भूजलावरील कोळंबीपालनात पोटॅशियम निर्णायक

हरियाणा, पंजाब, राजस्थान आणि उत्तर प्रदेशातील काही भागांत भूजल खारे झाल्याने जमिनी क्षारपड बनल्या असून तेथे पिके घेणे कठीण झाले आहे. अशा जमिनींवर तळी खोदून शेतकरी व्हॅनामेई कोळंबीचे संवर्धन करीत आहेत. मात्र पाणी खारे असले, तरी ते समुद्राच्या पाण्यासारखे असतेच असे नाही. तळ्यातील नफा-तोटा बऱ्याच अंशी याच फरकावर ठरतो.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. बहुतेक माशांच्या रक्तात हे प्रमाण त्याच्या साधारण एक तृतीयांश असते. त्यामुळे रोहू, कटला यांसारख्या गोड्या पाण्यातील माशांच्या शरीरात पाणी सतत शिरते आणि क्षार बाहेर जातात. समुद्री माशांत याच्या उलट घडते. कल्ले आणि मूत्रपिंडे हा समतोल राखतात. खारेपणा मानवेल त्या मर्यादेबाहेर गेल्यास खाद्यातून मिळालेली ऊर्जा वाढीऐवजी या कामी खर्च होते. मासा अशक्त होतो आणि रोगांना लवकर बळी पडतो.

व्हॅनामेई कोळंबी अत्यल्प खाऱ्या पाण्यापासून समुद्राच्या पाण्यापर्यंत जुळवून घेते. तरीही खाऱ्या भूजलात तिची मरतूक होऊ शकते. त्यामागील प्रमुख कारण पोटॅशियमची कमतरता हे आहे. कल्ल्यांतील पेशींना क्षारांचा समतोल राखण्यासाठी पोटॅशियम आवश्यक असते. भूजलातील पोटॅशियम मात्र मातीचे कण धरून ठेवतात. ते कमी पडल्यास कोळंबी सुस्त होते, तिची वाढ खुंटते आणि कात टाकताना ती दगावते.

समुद्राच्या पाण्यातील प्रमाण गृहीत धरल्यास, लिटरमागे 10 ग्रॅम क्षार असलेल्या पाण्यात सुमारे 110 मिलिग्रॅम पोटॅशियम हवे. केवळ खारेपणा मोजणाऱ्या उपकरणातून ही उणीव दिसत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेत पाण्याची तपासणी करावी लागते. कमतरता आढळल्यास तळ्यात म्युरिएट ऑफ पोटॅश हे खत, तसेच गरजेनुसार मॅग्नेशियमचे क्षार मिसळले जातात. मुंबईतील केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्थेच्या हरियाणातील रोहतक केंद्रात अशा पाण्यातील मत्स्यसंवर्धनावर संशोधन केले जाते.

बीज सोडतानाही दक्षता आवश्यक ठरते. समुद्राच्या पाण्यात वाढलेले बीज थेट तळ्यात न सोडता त्याला नव्या पाण्याची हळूहळू सवय लावावी लागते. तळ्यातील खारे पाणी शेजारच्या शेतात किंवा कालव्यात सोडल्यास सुपीक जमिनीही क्षारपड होण्याचा धोका असतो.