चिमणी राहिली, गिरणगावाचे काय?

लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या आवारात आज मुंबईतील एक झगमगती बाजारपेठ थाटलेली आहे. गिरणीची उंच चिमणी मात्र तेथे अजून उभी आहे. तिच्यातून आता धूर निघत नाही, की पाळी सुटल्यावर तिच्या पायथ्याशी कामगारांची रीघ लागत नाही. नव्या इमारतींच्या गर्दीत जुन्याची एक खूण तरी शिल्लक राहिली, असे समाधान तिच्याकडे पाहून अनेकांना वाटते. पण चिमणी राखली म्हणजे वारसा राखला गेला काय?

कावसजी दावर यांनी १८५४ साली मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा पाया घातला. पुढे कोकणातून व घाटावरून आलेल्या माणसांनी गिरणगाव वसविले. ते केवळ यंत्रांचे गाव नव्हते. चाळी, खानावळी, व्यायामशाळा आणि भजनी मंडळे यांतून एक स्वतंत्र संस्कृती तेथे घडली. अण्णा भाऊ साठे व अमर शेख यांची शाहिरी आणि नारायण सुर्वे यांची कविता यांना याच कामगारवस्तीने बळ दिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडत गेल्या, आणि त्यांच्या पायाखालच्या जमिनीला मात्र सोन्याचे मोल आले.

या जमिनीत समाजाचा वाटा असावा, हे तत्त्व शासनाने १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत मान्य केले होते. एक तृतीयांश जमीन मैदाने व उद्यानांसाठी, एक तृतीयांश परवडणाऱ्या घरांसाठी आणि उरलेली मालकासाठी, अशी ती वाटणी होती. २००१ च्या दुरुस्तीने ही वाटणी केवळ मोकळ्या जमिनीपुरती मर्यादित केली. जिच्यावर बांधकाम उभे होते ती जमीन वगळली गेली. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये ही दुरुस्ती ग्राह्य धरली. परिणामी सार्वजनिक वाटा आक्रसला. ज्या मैदानात वा उद्यानात गिरणगावाची स्मृती सर्वांसाठी जपता आली असती, ते हाती फारसे लागले नाही. मालकाच्या आवारात तो जे राखील तेवढ्यावरच समाधान मानण्याची पाळी आली.

येथे अर्थशास्त्रातील एक जुना विचार आठवतो. शहरातील जमिनीची किंमत मालकाच्या श्रमाने वाढत नाही. ती रस्ते, रेल्वे, लोकवस्ती आणि त्या भागाचा लौकिक यांमुळे वाढते. जुन्या वास्तूने व्यापारी संकुलाला जे वेगळेपण येते, त्याचेही तसेच आहे. ते वेगळेपण दुकानांच्या भाड्यात उतरते व मालकाच्या खात्यात जमा होते. ज्यांच्या घामातून ते निर्माण झाले, त्यांच्या वाट्याला त्यातील काहीच येत नाही.

जुनी वास्तू सांभाळण्याचा खर्च मालकाने का सोसावा, असा आक्षेप घेतला जाईल. तो अगदीच गैरवाजवी नाही. म्हणूनच मुंबईच्या १९९५ च्या वारसा नियमावलीत सूचीतील वास्तूंच्या मालकांना हस्तांतरणीय विकास हक्क देण्याची सोय ठेवण्यात आली. पण हा हक्क म्हणजे अन्यत्र जादा बांधकामाची परवानगी, आणि त्या बांधकामाचा भार शेवटी पाणी, गटारे व रस्ते यांवर पडतो. म्हणजे किंमत समाजच मोजतो. जेथे समाज किंमत मोजतो, तेथे समाजाला प्रवेश असलाच पाहिजे.

प्रवेशाचा प्रश्न गौण नव्हे. २०१४ मध्ये खुल्या झालेल्या मुंबई विमानतळाच्या नव्या टर्मिनलमध्ये देशभरातील हजारो कलावस्तू मांडलेल्या आहेत. उपक्रम स्तुत्य खरा. परंतु तो पाहण्यास विमानाचे तिकीट लागते. अशा कलेला सार्वजनिक म्हणणे जड जाते.

परदेशातील एक उदाहरण बोधप्रद आहे. अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहराच्या पुनर्विकास प्राधिकरणाने १९५९ मध्ये, आपल्याकडून जमीन घेणाऱ्या विकासकांवर बांधकाम खर्चाच्या किमान एक टक्का रक्कम कलाकृतींवर खर्च करण्याची अट घातली. शंभर कोटींच्या इमारतीमागे ही रक्कम एक कोटी होते. विकासकाचे त्याने दिवाळे निघणार नाही. मात्र केवळ सक्ती केल्यास प्रवेशद्वारी एखादे निरर्थक शिल्प बसवून अट पुरी केली जाण्याचा धोका आहे. म्हणून निवड विकासकाच्या मर्जीवर न सोडता कलावंत, इतिहासाचे अभ्यासक आणि स्थानिक रहिवासी यांच्या समितीकडे सोपवावी. कलाकृती रस्त्यावरून दिसेल व विनामूल्य पाहता येईल, अशी अट असावी. आणि तेथे कोण राबले, काय घडले, याची नोंद ठळक मराठीत असावी.

उद्या एखाद्या गिरणी कामगाराची नात त्या चिमणीखाली उभी राहील. आपल्या आजोबांनी याच भागात आयुष्यभर साचे चालविले, हे तिला तेथे कळले पाहिजे; आणि खरेदीची ऐपत नसली तरी दारावरच्या रखवालदाराने तिला अडविता कामा नये. एवढे साधले तरच चिमणी राखल्याचे सार्थक झाले, असे म्हणता येईल.