रक्त परत येतं तेव्हा

या रे, बसा इथे. आज तुमच्याच पोटातली गोष्ट सांगतो. उजव्या बाजूच्या शेवटच्या बरगड्यांवर हात ठेवा. नाही गं चिमणे, तिथे आतडी. जरा वर सरक. हं, बरोबर. त्या बरगड्यांच्या आडोशाला यकृत बसलेलं असतं. मोठ्या माणसाचं साधारण दीड किलो भरतं आणि दर मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त त्यातून वाहतं. हृदय जेवढं रक्त बाहेर लोटतं, त्यातला चौथा हिस्सा या एकट्यालाच!

बहुतेक अवयवांना रक्ताची आत येणारी एकच वाट असते, यकृताला दोन. एक धमनी, हृदयाकडून ताजं रक्त आणणारी. दुसरी पोर्टल शीर. ती आतड्यांकडून येते, जेवणातलं सगळं सार घेऊन. चारांतले तीन हिस्से रक्त या शिरेतून येतं. पण तिच्यातला बराचसा प्राणवायू आतड्यांनी आधीच वापरलेला असतो, म्हणून प्राणवायूच्या हिशेबात दोन्ही वाटा जवळजवळ निम्म्या-निम्म्या. निसर्गाची ही सोय मला फार आवडते.

आता अडचण बघा. यकृतात गाठ झाली तर कधीकधी ती कापून काढावी लागते. त्याची भीती नाही, कारण उरलेलं यकृत पुन्हा वाढतं. उंदराचं दोनतृतीयांश यकृत काढलं तरी आठ-दहा दिवसांत ते मूळ वजनाला येतं, हे 1931 सालीच दाखवून झालंय. भीती असते ती रक्ताची. जिथे सुरी लावाल तिथून रक्त, कारण आत सगळीकडे बारीक वाहिन्यांचं जाळं.

ग्लासगोमध्ये जेम्स हॉगार्थ प्रिंगल नावाचे सर्जन होते. अपघातात यकृत फाटलेली माणसं त्यांच्याकडे यायची. यकृताच्या खाली एक पातळ पडद्यासारखी घडी असते आणि आत जाणाऱ्या दोन्ही वाटा त्या घडीतूनच जातात. प्रिंगलनी ती घडी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये चिमटीत धरली. रक्त थांबलं! 1908 साली त्यांनी हे लिहून ठेवलं. त्यांचे ते रुग्ण वाचले नाहीत, सशांवर मात्र युक्ती साधली. आज आपल्या नवी मुंबईतल्या बेलापूरला, मुंबईत, जगात कुठेही यकृताचं मोठं ऑपरेशन असलं की प्रिंगलची ती चिमटी हाताशी असते. आता बोटांऐवजी फीत किंवा क्लॅम्प लावतात, एवढाच फरक.

"पण आजोबा, रक्त थांबवलं तर यकृत मरणार नाही का?"

शाबास! हाच खरा प्रश्न. निरोगी यकृत तासभर कळ काढू शकतं. सिरॉसिसने कडक झालेलं असेल तर त्याच्या निम्मा वेळच. चरबी साचलेलं यकृतही लवकर हरतं, आणि आपल्याकडे हल्ली ते घरोघरी सापडतं. प्राणवायू संपला की पेशीतला शक्तीचा साठा संपतो. मीठ बाहेर फेकणारे पंप थांबतात, पाणी आत शिरतं, पेशी फुगायला लागते.

पण निसर्गाचा खरा डाव यापुढे आहे. बरंचसं नुकसान रक्त थांबतं तेव्हा होत नाही, रक्त परत येतं तेव्हा होतं.

आपल्या नळाचंच घ्या ना. मोरबे धरणावरून येणारी मोठी जलवाहिनी दुरुस्तीसाठी बंद ठेवतात. दुसऱ्या दिवशी पाणी सुटलं की नळ आधी फुसफुसतो, मग लाल गढूळ पाणी धाडधाड येतं. बंद असताना पाइपाला काही होत नाही. गंज सुटतो तो पाण्याचा लोंढा आल्यावर.

यकृतातही तसंच. रक्त बंद असताना पेशीच्या शक्तिघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात, सक्सिनेट नावाचा पदार्थ साचत जातो. प्राणवायू परतला की तो एकदम पेटल्यासारखा जळतो, आणि त्या भडक्यात प्राणवायूचीच अर्धवट, चिडलेली रूपं तयार होतात. ती दिसेल त्याला चावत सुटतात. 2014 साली केंब्रिजच्या शास्त्रज्ञांनी हा सक्सिनेटचा धागा उलगडला. तेवढ्यात यकृतात राहणाऱ्या पहारेकरी पेशी जाग्या होतात. त्यांना कुप्फर पेशी म्हणतात. त्यांना वाटतं शत्रू आलाय. त्या हाकाटी करतात, पांढऱ्या पेशी धावत येतात आणि बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. मग क्लॅम्प काढला तरी काही कोपऱ्यांत रक्त पोचतच नाही. ज्या प्राणवायूवाचून जीव जातो, तोच परतताना मारतो! इतकी वर्षं झाली, अजून मला हे वाचताना अंगावर काटा येतो.

मग सर्जन काय करतात? पंधरा मिनिटं क्लॅम्प, पाच मिनिटं सोडायचा, पुन्हा पंधरा मिनिटं. ऑपरेशन थिएटरमध्ये कुणीतरी घड्याळ धरून मिनिटं मोठ्याने सांगत असतं. पाच मिनिटांत पेशी थोडा दम घेते आणि पुढचा टप्पा सोसते. भूल देणाऱ्या डॉक्टरांचंही मोठं काम असतं, ते कुणाला दिसत नाही. सलाइन बेताने देऊन ते मोठ्या शिरेतला दाब कमी ठेवतात, म्हणजे यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरांतून रक्त उलटं येत नाही. भुलीचं औषधसुद्धा कामाला येतं. सेव्होफ्लुरेन नावाचा भुलीचा वायू क्लॅम्पच्या आधी अर्धा तास दिला तर यकृत कमी दुखावतं, असं झ्युरिकच्या डॉक्टरांना 2008 साली दिसलं.

त्याच्याही आधीची एक नवलाची गोष्ट. 1986 साली अमेरिकेत मरी, जेनिंग्ज आणि रायमर या तिघांनी कुत्र्यांच्या हृदयाची रक्तवाहिनी चाळीस मिनिटं बंद केली. काही कुत्र्यांत त्याआधी ती पाच-पाच मिनिटं चारदा बंद करून सोडली होती. त्या कुत्र्यांचं नुकसान वाढायला हवं होतं ना? ते चौथाईवर आलं! थोडा त्रास सोसलेली पेशी मोठ्या त्रासाची तयारी करते. क्लाव्हिएन नावाच्या सर्जननी 2000 साली माणसाच्या यकृतावर हेच केलं: दहा मिनिटं बंद, दहा मिनिटं चालू, मग अर्धा तास बंद. त्यांना फायदा दिसला. पुढच्या सगळ्या अभ्यासांत मात्र तो तितका ठळक दिसला नाही, म्हणून बहुतेक सर्जन साध्या पंधरा-पाचावरच विसंबतात. मला त्यांचं पटतं. जिवाच्या कामात चमकदार युक्तीपेक्षा हजारदा पारखलेली रीत बरी.

यकृत प्रत्यारोपणात तर रक्त काही तास बंद राहतं. बेलापूरच्या अपोलोत अशी प्रत्यारोपणं होतात. तिथे कामाला येते थंडी. चार अंशांवर पेशीचं काम जेमतेम दहावा हिस्सा उरतं. अमेरिकेतल्या मॅडिसन गावच्या विद्यापीठात बेल्झर आणि साउदर्ड यांनी 1980 च्या दशकात एक द्रावण तयार केलं. त्यात यकृत बारा तासांच्या आसपास टिकतं.

आणि त्याच गावात एक खार भेटली! आपल्या अंगणातली नव्हे. आपल्या खारीला कसली आलीय थंडी? ती तेरा पट्ट्यांची, जमिनीत बीळ करून राहणारी. हिवाळाभर झोपते. अंग जवळजवळ बर्फाइतकं गार, हृदयाचे ठोके मिनिटाला मोजके. पण दर आठ-पंधरा दिवसांनी ती जागी होते, अंग गरम करते, रक्त जोरात धावतं, आणि ती पुन्हा झोपते. म्हणजे ज्या परतीच्या रक्ताला आपले सर्जन घाबरतात, ते ती एका हिवाळ्यात कितीतरी वेळा पचवते. झोपेच्या काळात काढलेलं तिचं यकृत तीन दिवस थंड ठेवूनही उंदराच्या यकृतापेक्षा खूप चांगलं राहिलं. तिच्या पेशींना काय येतं ते आपल्याला पुरतं शिकायचंय.

माणसाने तोवर दुसरी वाट धरलीय. यकृत बर्फात न ठेवता यंत्राला जोडायचं आणि त्यातून शरीराच्या ऊबेचं, प्राणवायू भरलेलं रक्त फिरवत राहायचं. रक्त बंदच ठेवलं नाही, तर परतीचा घावही हलका. 2018 साली युरोपातल्या दोनशेवीस प्रत्यारोपणांच्या चाचणीत यंत्रावरची यकृतं बर्फातल्यांपेक्षा निम्मीच दुखावली. आणि झ्युरिकला 2021 च्या मे महिन्यात तर कुणीही न स्वीकारलेलं एक यकृत तीन दिवस यंत्रावर ठेवून, औषधं देऊन, एका कर्करोगाच्या रुग्णाला बसवलं. वर्षभराने तो माणूस छान हिंडत-फिरत होता.

"तीन दिवस? मग नागपूरहूनसुद्धा आणता येईल!"

नागपूरच काय, त्याहून लांबूनही. पण खरा फायदा तो नव्हे हं. तीन दिवस मिळाले की ते यकृत कसं काम करतंय हे डॉक्टरांना आधी नीट पाहता येतं, आजारी असेल तर बरंही करता येतं. आज चरबी जास्त म्हणून कितीतरी यकृतं नाकारावी लागतात. त्यांतली काही यंत्रावर सुधारली, तर रांगेत थांबलेल्या माणसांना ती मिळतील.