कुंपणाआडचे संपादक

रणांगणावर शत्रूच्या हाती लागलेल्या सैनिकाचे शस्त्र जाते, नावाच्या जागी क्रमांक येतो, आणि शिध्यापासून झोपेपर्यंतचा त्याचा सारा व्यवहार परक्याच्या हुकमाने चालू लागतो. परंतु वार्तेचा वियोग त्याला जितका जाचतो, तितका यांपैकी कोणताही जाच क्वचितच जाचत असेल. सुटका महिन्यांवर आहे की वर्षांवर हे ज्याला कळत नाही, त्याच्या मनाचा कब्जा अफवा घेतात. म्हणूनच युद्धबंद्यांच्या छावण्यांचा इतिहास पाहू लागले की तेथे वृत्तपत्र पुनःपुन्हा भेटते. आणि त्याचे मोल कागदावरून वा छपाईवरून ठरत नसून लेखणी कोणाच्या हाती होती यावरून ठरते, असे माझे मत आहे.

अमेरिकेतील यादवी युद्धात, 1864 साली, टेक्सासमधील टायलर गावानजीकच्या कॅम्प फोर्ड या छावणीत विल्यम मे या उत्तरेकडील कप्तानाने ‘द ओल्ड फ्लॅग’ नावाचे पत्र काढले. छापखाना नव्हता, म्हणून छापील अक्षरांचा घाट गिरवीत प्रत्येक अंकाची एकच प्रत हाताने लिहिली जाई आणि ती खोपटाखोपटांतून फिरे. अंक निघाले अवघे तीन. परंतु सुटकेच्या वेळी कप्तानाने ते पहारेकऱ्यांच्या नजरेआड सांभाळून नेले आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांची हुबेहूब प्रतिकृती छापविली.

या परंपरेचे सर्वांत समृद्ध रूप पाहावयाचे, तर जपानच्या शिकोकू बेटावरील बांदो छावणीकडे वळले पाहिजे. 1914 च्या नोव्हेंबरात चीनमधील त्सिंगताओ पडल्यावर जपान्यांच्या हाती आलेल्या जर्मनांपैकी सुमारे एक हजार जण 1917 पासून येथे होते. छावणीचा अधिकारी मात्सुए तोयोहिसा हा आइझू या पराभूत संस्थानातून आलेला. पराजिताच्या मानाची चाड त्याला होती, आणि त्याच्या अंमलात बंद्यांना नाटके, वाद्यवृंद व व्याख्याने यांची मोकळीक मिळाली. 1918 च्या 1 जूनला बेथोव्हेनची नववी सिंफनी येथेच संपूर्ण वाजविली गेली. अशा वातावरणात ‘दी बाराके’ हे पत्र 1917 च्या सप्टेंबरअखेर सुरू झाले आणि दोन वर्षे चालले. मेणकागदावर अक्षरे कोरून हातयंत्रावर छाप उमटविण्याची जपानी पद्धत या बंद्यांनी आत्मसात केली, आणि अनेक रंगांची चित्रे छापण्यापर्यंत तिच्यात प्रावीण्य मिळविले. युद्धाची मीमांसा, नाट्यप्रयोगांचे परीक्षण, सभोवतालच्या जपानी मुलखाची माहिती या सर्वांना पत्रात जागा होती. किंबहुना एका लहानशा नगराचे नागरिकत्वच त्या पानांत नांदत होते.

याच काळात बर्लिनच्या दक्षिणेस व्युन्सडॉर्फ येथे, हिंदी सैनिक जेथे बंदिवासात होते तेथे, याच्या अगदी विपरीत पत्र निघत होते. ‘हिंदोस्तान’ हे त्याचे नाव, हिंदी व उर्दू या त्याच्या भाषा. परंतु ते जर्मन सरकारच्या पौर्वात्य प्रचारखात्याचे अपत्य होते, आणि बर्लिनमधील हिंदी क्रांतिकारकांचे साह्य त्याला असले तरी हेतू एकच होता, की ब्रिटिशांचा हा शिपाई ब्रिटिशांवर उलटावा. त्या शिपायाच्या मनात काय होते, याचा मागमूस लागतो तो जर्मन भाषाशास्त्रज्ञांनी तेथेच केलेल्या ध्वनिमुद्रणांत. 11 डिसेंबर 1916 रोजी मुद्रित झालेला एक शीख बंदी हिंदुस्थानात खाल्लेल्या लोण्याची आठवण सांगतो आणि मायदेशी परतण्याची आस व्यक्त करतो. त्याच्या नावाने निघणाऱ्या पत्राला राजकारण हवे होते. त्याला घर हवे होते.

दुसऱ्या महायुद्धात बाल्टिक समुद्राकाठच्या बार्ट येथे वैमानिकांच्या छावणीत जे निघाले, ते तर सर्वस्वी चोरीचे. लपविलेल्या रेडिओवर बीबीसीच्या बातम्या ऐकून लोवेल बेनेट हा बंदिवान अमेरिकन वार्ताहर आणि त्याचे सहकारी ‘पॉव-वॉव’ नावाचे दैनिक टंकलिखित करीत. जर्मन युद्धखात्याची अधिकृत पत्रके बंद्यांच्या कानी पडतच होती. त्यांच्याशी ताडून पाहण्याजोगी दुसरी बाजू या चोरट्या पानांनी पुरविली, आणि ती वाचण्यासाठी धोका पत्करणारे वाचक त्यांना अखेरपर्यंत लाभले.

मग सत्ताधाऱ्याने काढलेले पत्र नेहमीच निष्फळ ठरते काय? तसे म्हणता येणार नाही. अमेरिकेतील सुमारे पावणेचार लाख जर्मन बंद्यांना लोकशाहीचे वळण लावावे म्हणून तेथील सरकारने मार्च 1945 मध्ये ‘डेर रूफ’ सुरू केले, आणि ऱ्होड आयलंडमधील फोर्ट कर्नी येथे निवडक नाझीविरोधी बंद्यांकडे त्याची लेखणी सोपविली. त्यात काम केलेले आल्फ्रेड आंडर्श व हान्स व्हेर्नर रिश्टर मायदेशी परतले, 1946 च्या ऑगस्टात त्यांनी म्युनिकमध्ये त्याच नावाचे पत्र काढले, आणि अमेरिकन अंमलावरही निर्भीड टीका आरंभिली. तेव्हा एप्रिल 1947 मध्ये त्याच अमेरिकन लष्करी सरकारने त्यांना संपादकपदावरून दूर सारले. त्याच वर्षी रिश्टरने लेखकांना एकत्र बोलाविले, आणि त्यातून युद्धोत्तर जर्मन साहित्याला आकार देणारा ‘ग्रुप 47’ उभा राहिला. विचार करण्याची मुभा ज्याने दिली, तो त्या विचाराची दिशा मात्र ठरवू शकला नाही. आणि जित माणसाच्या हाती लेखणी देताना प्रत्येक जेत्याने हे ध्यानी ठेवावे, की ती परत मागण्याचा अधिकार त्याच्याकडे उरत नाही.