डिस्ने आणि फ्लायशर

वॉल्ट डिस्ने यांचा ‘स्नो व्हाइट’ हा पूर्ण लांबीचा व्यंगचित्रपट डिसेंबर १९३७ मध्ये लॉस एंजेलिस येथे प्रथम दाखविण्यात आला, आणि त्याला लाभलेले अपूर्व यश पाहून पॅरामाउंट कंपनीने, मॅक्स व डेव्ह फ्लायशर या ज्या बंधूंच्या चित्रांचे वितरण ती करीत असे त्यांच्याकडून, सहकुटुंब पाहण्याजोग्या तशाच एका चित्रपटाची मागणी केली. फ्लायशर बंधू नवशिके नव्हते: बेटी बूप ही त्यांची निर्मिती, पॉपाय खलाशाला सजीव करून पडद्यावर आणले तेही त्यांनीच, आणि नटाच्या चित्रफितीवरून हुबेहूब रेखाटन करण्याच्या ‘रोटोस्कोप’ यंत्राचे पेटंट मॅक्स यांना १९१७ मध्येच मिळाले होते. १९३७ मध्ये त्यांच्या कामगारांनी केलेल्या संपानंतर त्यांनी न्यूयॉर्कमधील आपला कारखाना मायामीस हलविला व डिसेंबर १९३९ मध्ये ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ प्रदर्शित केला.

किनाऱ्यावर निद्रिस्त पडलेल्या गलिव्हरला लिलिपुटवासी दोरखंडांनी जखडतात, तो दीर्घ प्रसंग वाचकांनी अवश्य पाहावा. रोटोस्कोपने रेखाटलेल्या त्या महाकाय देहाचे वजन तेथे प्रत्यक्ष जाणवते. परंतु डिस्ने यांच्या सातही बुटक्यांना जसा आपापला स्वतंत्र स्वभाव लाभला आहे, तसा लिलिपुटच्या रयतेला लाभलेला नाही, आणि या दोन कृतींमधील खरे अंतर माझ्या मते तंत्रात नसून येथेच आहे.

फ्लायशरांचा दुसरा दीर्घपट ‘मिस्टर बग गोज टू टाउन’ अमेरिका युद्धात उतरली त्याच सुमारास आला आणि अपयशी ठरला. १९४२ मध्ये पॅरामाउंटने संस्थेचा कारभार ताब्यात घेऊन तिचे नाव ‘फेमस स्टुडिओज’ असे ठेवले.