जुन्या रेडिओग्रामची पेटी

मुंबईत रेडिओ केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झाले. पुढे ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना निघाला आणि रेडिओ साध्या घरांत आला. ज्याच्याकडे चार पैसे जास्त, तो रेडिओग्राम घेई. म्हणजे एकाच लाकडी पेटीत रेडिओही आणि तबकडी वाजवायचे यंत्रही.

आमच्या थोरल्या भावाचा असा एक होता. भाऊ गेले. जुईनगरची खोली लहान, त्यात मुका रेडिओग्राम. भंगारवाला दोनशे रुपये द्यायला तयार होता. पण वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, वाजला नाही तरी चालेल. पेटी तेवढी नीट करा."

आधी प्लग काढला. पण तेवढ्याने भागत नाही. आतल्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते आणि प्लग काढल्यावरही जोराचा झटका देते. म्हणून यंत्र आम्ही रेडिओ दुरुस्त करणाऱ्याकडूनच बाहेर काढवले. तुम्हीही तसेच करा.

मग आम्ही काचकागद घेतला आणि जोरात घासू लागलो. कोपऱ्यावर एकदम पांढरे लाकूड दिसले! पेटी सबंध सागाची नव्हतीच. आत प्लायवुड, वर सागाचा कागदासारखा पापुद्रा. जन्मभर मुलांना 'घाई करू नका' म्हणून सांगितले, आणि स्वतः मात्र हे असे केले.

शेवटी सुताराला बोलावले. तो म्हणाला, "मास्तर, हे घासायचं काम नव्हे." त्याने मागच्या बाजूला स्पिरिटचा थेंब लावला. पॉलिश चिकट झाले. म्हणजे ते लाखेचे. मग स्पिरिटच्या फडक्यानेच जुना थर पुसून निघतो. एके जागी पापुद्रा सुटला होता. तिथे ओला फडका ठेवून वरून कोमट इस्त्री फिरवली. खालचा सरस मऊ झाला. वर कागद आणि वजन ठेवले. रात्रीत पापुद्रा बसला.

लाख हा किड्यांपासून मिळणारा पदार्थ. हे किडे पळस, बोर, कुसुम या झाडांवर वाढतात. चपडा लाख रात्रभर स्पिरिटमध्ये भिजवायची. कापसाचा बोळा मऊ फडक्यात गुंडाळून पातळ हात द्यायचे, प्रत्येक हात वाळू द्यायचा. पावसाळ्यात हे करू नये. दमट हवेने पॉलिश पांढरे पडते. आम्ही दिवाळीनंतर केले. हे स्पिरिट विषारी असते आणि चटकन पेट घेते. जवळ दिवा किंवा विडी नको, खिडकी उघडी हवी.

मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्याही लाखेच्याच. त्या स्पिरिटने पुसू नका, विरघळतील.

झाकणावर भाऊंच्या चहाच्या पेल्याचा गोल पांढरा डाग होता. सुतार तो काढणार, तोच वहिनींनी फडके धरले. "तेवढा राहू द्या." झाकण तसेच ठेवले. आम्ही झिजवलेला कोपरा सुताराने रंग देऊन झाकला. जवळून पाहिले की दिसतो.